भिंतीवरच्या छत्तीस रेघा

दरवर्षी थंडीत आमच्या जुन्या मिलमागच्या मैदानावर कबड्डीचे सामने होतात. जिंकणाऱ्यांना वामन खंडागळेच्या नावाचा कप देतात. कप देण्याआधी कोणीतरी तरुण माणूस माइक हातात घेऊन आमच्या शहराच्या हिंदीत ठरलेलं वाक्य म्हणतो, "पेट का आपरेशन हुए सवा महीना हुआ था, डाक्टर मना करते रहे, पर वामन भिया नी माने. उतर गए मैदान में." लोक टाळ्या वाजवतात. मिलचा जुना स्पोर्ट्स सेक्रेटरी म्हणून मला पहिल्या रांगेत खुर्ची असते आणि गळ्यात हार असतो. दरवर्षी मीही टाळ्या वाजवतो.

ते वाक्य माझं आहे. पहिल्यांदा मीच ते एका सरकारी कागदावर लिहिलं आणि पुढे वामनच्या शोकसभेत उभं राहून बोललो. ते खोटं आहे.

यंदा सामने भरवणाऱ्या मंडळाची पोरं स्मरणिकेसाठी घरी आली. म्हणाली, "केळकरजी, वामन भियावर एक पान लिहून द्या. थोडा जोश पाहिजे त्यात." मी हो म्हटलं. माझं वय आता एक्याऐंशी आहे. जोश यात सापडणार नाही. पोरांना छापायचं नसेल तर त्यांनी हे परत आणून द्यावं, मी दुसरीकडे देईन.

वामन दिसायला खेळाडू वाटत नसे. उंची बेताची, खांदे उतरते, चालणं सावकाश. तो आमच्या मिलच्या विणकाम खात्यात बदली कामगार होता. बदली म्हणजे रोज सकाळी भोंगा झाला की गेटपाशी उभं राहायचं. कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागी आत जायचं, नसला तर घरी. अकरा वर्षं तो असा गेटवर उभा राहिला. मिलच्या संघाचा सगळ्यात चांगला चढाईवाला असूनही त्याला कोणी कायम केलं नाही. टाइम ऑफिसमध्ये हजेरीचं रजिस्टर माझ्याकडे असायचं. रोज सकाळी खिडकीतून मी त्याला बघायचो. बाकीचे बदली पुढे घुसायचे, शिपायाच्या नावाने ओरडायचे. वामन मागे भिंतीला टेकून उभा असायचा.

"पुढे ये ना रे, नाहीतर राहशील," मी म्हणायचो.

"जल्दी काय आहे, केळकरजी? लूम कुठे भागून जातंय?"

हे त्याचं आवडतं बोलणं होतं. लूमच्या जागी बस यायची, चहा यायचा, बायको यायची, कधी समोरच्या संघाचा बचावपटू यायचा. कशालाच जल्दी नसायची. जेवायला बसला की त्याचं जेवण शेवटी संपायचं. मैदानात जायचं तर आधी सगळ्या संघाच्या चपला रांगेत लावायचा, टाचा मैदानाकडे आणि टोकं बाहेरच्या बाजूला. एकदा मी विचारलं, हे काय खूळ? तर म्हणाला, "खेळून बाहेर येणारा दमलेला असतो. त्याने वळायचं कशाला? सरळ पाय घालावा आणि निघावं." संघातली पोरं त्याची टर उडवायची, "वामन भिया, लगे हाथ पालिश भी मार दो." तोही हसायचा आणि पुढची चप्पल फिरवायचा.

चढाईला जाताना मध्यरेषेवर उजव्या पायाचा अंगठा टेकवायचा आणि मगच पलीकडे पाऊल टाकायचा. घरात शिरण्यापूर्वी कडी वाजवावी तसं.

देपालपूरचा सामना मला अजून दिसतो. बाजाराच्या पटांगणात खेळ होता. समोर शेतात राबणारी दणकट पोरं आणि चारी बाजूंनी त्यांचंच गाव. आमचे दोघे कमी झालेले. वामन चढाईला गेला आणि त्यांच्या अंगणात नुसता उभा राहिला. तेव्हा चढाईला घड्याळ लावत नसत. दम असेतोवर वेळ तुमची. तो हळू आवाजात, शिवणयंत्रासारखं एकसुरी, कबड्डी कबड्डी म्हणत राहिला. पुढे नाही की मागे नाही. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "अबे सो गया क्या?" हशा झाला. तरी हा उभाच. शेवटी कोपऱ्यातल्या पोराचा धीर सुटला. त्याने वामनच्या घोट्यावर झेप घेतली, त्याच्यामागे दुसरा धावला. वामनने पाय उचलला, दोघांच्या पाठीला हात लावला आणि चालत, धावत नव्हे, चालत रेषेपार आला.

परतताना ट्रकमध्ये मी म्हटलं, "इतका वेळ उभा राहिलास, भीती नाही वाटली?"

"मी उभा होतो, ते धावत होते," तो म्हणाला. "आतल्या आत. धावून धावून दमले बिचारे."

अशा माणसाबद्दल मी लिहिलं की तो हट्टी होता, उतावळा होता, डॉक्टरचं ऐकलं नाही. आता तेच सांगतो.

त्या वर्षी शहरातल्या मिल एकापाठोपाठ एक बंद होत होत्या. दिल्लीत नवं धोरण आलं होतं, बाहेरच्या कंपन्यांना दारं उघडली होती म्हणे. आमच्याकडे रोज नवी बातमी असायची, आज कुठल्या मिलचा भोंगा वाजला नाही. अशात एका सकाळी वामन गेटवर दिसला नाही. दोन दिवस पोटात दुखत होतं, त्याने तेही सावकाश घेतलं. अपेंडिक्स आत फुटलं. सरकारी दवाखान्यात बेंबीपासून खाली उभी चीर दिली, सगळं धुऊन काढलं आणि पोट शिवलं. डॉक्टरांनी सांगितलं की वरची कातडी पंधरा दिवसांत जुळेल, पण आतला थर जुळायला वेळ लागतो. तीन महिने वजन नको, मैदान नको.

तो घरी आल्यावर मी त्याला भेटायला गेलो. अकरा वर्षांच्या ओळखीत त्याच्या घरी जाण्याची माझी ती पहिली वेळ. इतक्या वर्षांत का गेलो नव्हतो हे मला ठाऊक आहे, वाचणाऱ्यांनाही कळेल. त्याचे आजोबा महूच्या पलटणीत होते. त्यांचा वर्दीतला फोटो भिंतीवर होता आणि फोटोखाली कोळशाच्या नऊ उभ्या रेघा.

"हे काय?"

"एक दिवस, एक रेघ. नव्वद झाल्या की मैदान."

त्याची बायको सुमन चहा घेऊन आली. "रोज सकाळी आधी रेघ ओढतात, मग दात घासतात," ती म्हणाली. "मी बोलले, एकदम नव्वद ओढून टाका, किस्सा खतम."

वामन हसायला गेला आणि थांबला. शेजारची उशी त्याने पोटाशी घट्ट दाबली, मग जपून हसला. खोकताना, शिंकतानाही तो तसंच करायचा. नर्सने शिकवलं होतं. उठायचं असलं की आधी कुशीवर वळायचा, हाताने रेटा द्यायचा आणि तोंडाने फू करून श्वास सोडत उठायचा.

"बघा केळकरजी, नशीब कसं असतं. सगळी उमर दम धरायला शिकलो. आता सिस्टर बोलते, भिया, दम धरायचा नाही, सोडायचा. उठताना सोड, वाकताना सोड, वजन उचलताना सोड. आत कोंडला की टाक्यांवर जोर येतो."

नर्सने जे एकदा सांगितलं ते त्याने देपालपूरच्या त्या चढाईसारखं पाळलं. पहिल्या आठवड्यात खोलीतल्या खोलीत चालला. मग गल्लीच्या टोकापर्यंत. मग मिलच्या गेटपर्यंत यायचा, माझ्या खिडकीशी उभा राहून पाणी प्यायचा आणि परत जायचा. पाण्याची बादली सुमन उचलायची. शेजारणी तिला चिडवायच्या की नवरा बाळंत झालाय. तो ओट्यावर बसून ऐकायचा आणि म्हणायचा, "खरं आहे. सवा महिना तर मिळायलाच पाहिजे." विसाव्या रेघेनंतर त्याने पुटपुटत कबड्डी म्हणायला सुरुवात केली. एक हात पोटावर, डोळे मिटलेले. जरा ओढ लागली की थांबायचा. त्या दिवशी पुन्हा नाही. माझ्या उभ्या आयुष्यात दुखण्यातून उठणारा इतका शहाणा माणूस मी पाहिला नाही.

आता मला तेव्हाच्या कपाबद्दल सांगावं लागेल.

शहरातल्या मिलच्या संघांत दर थंडीत एक कप खेळला जायचा. मागच्या दोन वर्षांत अंतिम सामना हरलेल्या दोन्ही मिल वर्षाच्या आत बंद पडल्या होत्या. तेवढ्यावरून कामगारांच्या चाळींत एक समजूत पसरली की जी मिल कप जिंकते ती बंद होत नाही. शिकलेली माणसंही हे बोलत. जिंकणाऱ्या मिलकडे मालकाचं लक्ष राहतं, पेपरात नाव येतं, मग बंद कशी करतील, असा हिशेब. आज हसू येतं. तेव्हा बायका कपासाठी उपास धरत होत्या. आणि आमचा संघ अंतिम सामन्यात पोचला होता, वामनशिवाय, कसाबसा.

आमच्या लेबर ऑफिसरचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर कागद धुवावासा वाटेल. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर कचोरीची पुडी उघडी होती. तेलकट बोटांनी ते माझ्याच रजिस्टरची पानं उलटत होते. प्रत्येक पानावर एक पिवळा ठसा उमटत होता आणि मी तो बघत उभा होतो.

"वो खंडागळे खेलेगा न?"

मी सांगितलं, ऑपरेशन झालंय, तीन महिने मनाई आहे.

"चल-फिर तो रहा है. मैंने देखा गेट पे." त्यांनी बोटं चाटली. "मालिक लोग आ रहे हैं मैच देखने. केळकर, मिल का क्या होगा वो ऊपरवाला जाने. पर बंद भी हुई तो आठ-दस आदमी तो रखने पड़ेंगे, कागज संभालने को. वो लिस्ट मैं बनाऊंगा."

एवढंच. धमकी नाही, आवाज चढला नाही. एका कचोरीच्या वेळात मी विकला गेलो.

नियम असा होता की बदली कामगार सलग चाळीस दिवस गेटवर आला नाही तर त्याचा गेटपास रद्द. पण आजारपणाची दवाखान्याची चिठ्ठी असेल तर ते दिवस धरत नसत. वामनची चिठ्ठी सुमनने दुसऱ्याच आठवड्यात माझ्या हातात आणून दिली होती. ती माझ्या खणात होती. रजिस्टरला लावायची राहिली होती, इतकंच. आणि दुसरा नियम असा की सामन्याच्या दिवशी संघात असणाऱ्या कामगाराची हजेरी लागायची.

चौतिसाव्या रेघेच्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो.

"वामन, तुझी चिठ्ठी साहेबांनी मंजूर केली नाही," मी म्हणालो. "चाळीस दिवस झाले की पास कटणार. कायमवाल्यांची लिस्ट बनतेय, त्यात तुझं नाव यायचं असेल तर पास पाहिजे. एक उपाय आहे. फायनलला नुसता संघात उभा राहा. कोपऱ्यात. कोणाला हात लावू नको, चढाईला जाऊ नको. हजेरी मी लावतो."

त्याने भिंतीवरच्या रेघांकडे बघितलं. सुमन दारात उभी होती.

"चिठ्ठीवर तर डॉक्टरचा शिक्का आहे," ती म्हणाली. "मी माझ्या हातांनी तुम्हाला दिली. मंजूर कशी नाही?"

"मी काय करू, वहिनी? माझ्या हातात असतं तर..."

"केळकरजी खोटं कशाला बोलतील?" वामन तिला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "नुसतं उभं राहायचं ना?"

"नुसतं उभं."

"मग ठीक आहे. उभं राहायला आपल्याला येतं."

सुमन एवढंच म्हणाली, "कप तुमचा, मिल मालकाची, टाके माझ्या आदमीचे." आणि आत गेली. माझा चहा तसाच राहिला.

सामन्याला सगळा मिल-एरिया लोटला होता. मैदानाच्या कडेला मालकांसाठी सोफे मांडले होते, त्यांवर पांढऱ्या चादरी. लेबर ऑफिसर मधोमध. समोरचा संघही एका मिलचाच, त्यांचेही दिवस भरत आले होते. त्यांचा कप्तान रशीद हा शहरातला सगळ्यात धिप्पाड बचावपटू. वामनला बनियनवर रुंद पट्टा आवळताना त्याने बघितलं आणि सरळ आमच्या बाजूला आला.

"वामन भाई, ये क्या? तुम्हारे तो टाँके पड़े हैं."

"खेळायचं नाही रे. हजेरीपुरता उभा आहे."

रशीद माझ्याकडे बघत राहिला. मी शिट्टीच्या दोरीशी चाळा करत दुसरीकडे बघितलं. मग तो आपल्या पोरांकडे गेला आणि मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, "कमर में हाथ नी डालना किसी ने. पैर मिले तो पैर. समझ गए?"

समोरच्या संघाने त्याच्या पोटाची काळजी घेतली. हे मी जन्मात विसरणार नाही.

वामनने सगळ्यांच्या चपला लावल्या. वाकून नाही, पायाने सरकवत. मग कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, आणि सामना संपत आला तरी उभाच होता. आम्ही एका गुणाने मागे. त्यावेळी मैदानात उरलेल्या आमच्या तिघांपैकी बाकी दोघांचे दम संपलेले. सोफ्यावरून एक माणूस माझ्याकडे धावत आला. "साब बोल रहे, खंडागळे को भेजो."

मी रेषेजवळ गेलो. म्हणालो, "वामन, एकच."

त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी काय बोललो ते नीट ऐकू आलं नसावं तसं. मग त्याने गर्दीकडे बघितलं. मैदानाच्या चारी बाजूंना गेटवर त्याच्या शेजारी उभे राहणारे बदली होते, त्यांच्या बायका होत्या. त्याने मध्यरेषेवर अंगठा टेकवला आणि गेला.

आवाज नेहमीचा नव्हता. नेहमी तो पोटातून यायचा, आज गळ्यातून येत होता, पातळ. डावा हात पट्ट्यावर. त्या दिवशी तो वाट बघत उभा राहिला नाही. तेवढा दम नव्हताच. सरळ आत शिरला, एकाला हात, दुसऱ्याला हात, आणि वळताना तिसऱ्याने घोटा धरला. तो पोटावर पडला. वरून दोघं-तिघं आले. रशीद त्यांना ओढून काढत होता, स्वतःच्याच खेळाडूंना शिव्या देत होता. त्या ढिगाखालून वामनचा हात पुढे सरकला आणि बोटं रेषेला लागली.

आम्ही जिंकलो.

रक्त कुठेच नव्हतं. तो उठला, कुशीवर वळून, हाताने रेटा देऊन, श्वास सोडत, नर्सने शिकवलं होतं तसा. पट्टा सैल केला. बनियनखाली, चिरेच्या जागी, लिंबाएवढा फुगवटा होता. त्याने तो तळव्याने झाकला. तेवढ्यात लेबर ऑफिसर आले. "शेर है, भई, शेर," म्हणत त्यांनी झेंडूचा एक जाड, ओला हार माझ्या हातात दिला. मी तो वामनच्या गळ्यात घालायला गेलो.

"केळकरजी," तो हळूच म्हणाला, "हार पोटावर नका येऊ देऊ."

फोटो निघेपर्यंत मी मागे उभा राहून तो हार वर धरून ठेवला. फोटोत माझा हात दिसतो. लोकांना वाटतं, मी त्याची पाठ थोपटतोय. तो फोटो वामनच्या कपाच्या मंडपात दरवर्षी लावतात.

सहा आठवड्यांनी मिल बंद झाली. भोंगा वाजला नाही, गेटवर नोटीस होती. लेबर ऑफिसरांचं घरसामान त्याआधीच दुसऱ्या गावी गेलेलं होतं. कायमवाल्यांची लिस्ट कोणी केलीच नव्हती. कागद सांभाळणाऱ्या दहा माणसांची लिस्ट मात्र होती आणि तिच्यात माझं नाव होतं. पुढे कितीतरी वर्षं मी बंद मिलच्या टाइम ऑफिसमध्ये कोळ्याच्या जाळ्यांत बसून पगार घेतला.

वामनच्या पोटाचा आतला थर उसवला होता. हर्निया झाला, पुन्हा कापावं लागलं, जाळी बसवली, तीही नीट बसली नाही. वजन उचलायला जन्माची बंदी. मिल गेल्यावर हमाली आणि बांधकाम सोडून कोण कुठे काम देत होतं? वामनच्या अर्जावरून कामगार विमा कचेरीने मिलला पत्र लिहून विचारलं की इजा कामावर झाली का, खेळाडूला मिलनेच उतरवलं होतं का. मिलने उतरवलं असं उत्तर गेलं असतं तर त्याला जन्मभराची पेन्शन लागली असती. पत्र माझ्या टेबलावर आलं. बंद मिलमध्ये उत्तर देणारा दुसरा कोणी नव्हता, आणि मला अडवणाराही कोणी नव्हता. तरी मी लिहिलं, सुवाच्य अक्षरात: "सदर कामगार डॉक्टरांचा सल्ला न मानता स्वतःच्या हट्टाने मैदानात उतरला."

का लिहिलं? खरं लिहिलं असतं तर चिठ्ठीचा प्रश्न आला असता, आणि चिठ्ठी माझ्या खणात होती. दुसरं कारण नाही. मी बरीच वर्षं दुसरं शोधलं.

ते लिहिण्याआधी एकदा मी त्याच्या घरी गेलो होतो. तो दवाखान्यात होता. सुमनने दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. तिच्या खांद्यावरून भिंत दिसत होती. फोटोखाली रेघा छत्तीसवर थांबल्या होत्या. सदतिसावी ओढायच्या दिवशी तो सामन्याला गेला होता.

शेवटचा तो मला खजराण्याला भेटला. तिथल्या गणपतीच्या मंदिराबाहेर फुलांच्या आणि प्रसादाच्या दुकानांमागे चपला ठेवायचा एक स्टँड होता, तिथे तो स्टुलावर बसायचा. मला कोणीतरी सांगितलं होतं, मी मुद्दाम गेलो. देवदर्शन हे निमित्त. केस पांढरे झाले होते, सदऱ्याखाली पट्टा दिसत होता. वाकता येत नसल्यामुळे त्याने एका काठीला लोखंडी आकडा बसवून घेतला होता, त्याने तो खालच्या फळीवरच्या चपला ओढायचा.

"अरे केळकरजी! या, या. तुमचा नंबर तेवीस." त्याने बिल्ला दिला.

मी आत गेलो नाही. तिथेच उभा राहून त्याला सगळं सांगितलं. चिठ्ठी नामंजूर झाली नव्हती. माझ्या खणात होती. विमा कचेरीला मी काय लिहिलं. बोलताना मध्ये मध्ये गिऱ्हाइकं येत होती, तो चपला घेत होता, बिल्ले देत होता. मध्येच त्याला खोकला आला. शेजारी घडी घातलेलं पोतं होतं, ते त्याने पोटाशी दाबलं, खोकला, पोतं परत जागेवर ठेवलं.

"चिठ्ठी फाडली का?" त्याने विचारलं.

"नाही. आहे अजून."

"सुमनला वाटायचंच. मी तिला रागे भरायचो." त्याने एका गिऱ्हाइकाच्या चपला आकड्याने फळीवर सरकवल्या. मग म्हणाला, "मला सांगून काय होणार? मी तर तिथेच होतो. ज्यांना खोटं सांगितलं त्यांना सांगा."

मी हो म्हटलं. त्यानंतर दोन वर्षांनी तो गेला. शोकसभेत मला बोलायला उभं केलं. समोर चार-पाचशे माणसं होती, रशीद होता, सुमन होती. आणि मी ते डॉक्टर मना करते रहे वालं वाक्य बोललो. लोकांनी डोळे पुसले, त्यातून वामनच्या नावाचा कप सुरू झाला. सुमन उठून बाहेर गेली. त्यानंतर ती कधी कपाच्या सामन्यांना आली नाही. लोकांना वाटतं, तिला दुःख सहन होत नाही.

विमा कचेरीला मी आता पत्र लिहिलं आहे. त्याचा आता कोणाला किती उपयोग, ते मला माहीत नाही. दवाखान्याची चिठ्ठी या पानांसोबत पोरांना देतोय. तिच्यावर तीन महिने विश्रांती, असं लिहिलंय. शिक्का अजून वाचता येतो. सुमनकडे एक प्रत मी स्वतः नेऊन देणार आहे. ती दार उघडेल की नाही ते तिचं ती ठरवेल.

खजराण्याला त्या दिवशी मी निघालो तेव्हा वामनने तेवीस नंबरचा बिल्ला घेतला, आकड्याने माझ्या चपला ओढल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या. टाचा माझ्याकडे, टोकं बाहेर रस्त्याकडे. मी चपलेचा पट्टा लावायला खाली वाकलो. वयामुळे म्हणा की कशामुळे, माझ्या तोंडातून कण्हल्यासारखा आवाज निघाला.

"श्वास सोडत वाका, केळकरजी," तो वरून म्हणाला. "धरून ठेवू नका. आतून फाटतं."

मी वर बघितलं तोपर्यंत तो पुढच्या माणसाला बिल्ला देत होता.